ऑटोमॅटिक स्कूटरच्या क्लच स्प्रिंगा आणि सेंटर स्प्रिंग : कामाच्या नोंदी, बेळगाव

९ नोव्हेंबर २०२४ : तक्रार आणि न खोलता तपासणी

गाडी ११० सीसीची, कार्ब्युरेटरवाली, केए-२२ पासिंग. मीटरवर ४१,३०० किमी. येळ्ळूरहून भाजीची पोती घेऊन रोज बेळगावच्या बाजारात यायचं, म्हणजे कायम ओझं आणि गर्दीत सारखं थांबणं-निघणं. तक्रारी तीन. रेस न देताही गाडी पुढं सरकते. निघताना मागून थरथर येते. राजहंसगडाच्या चढाला दोघं बसले की थ्रॉटल पूर्ण पिळूनही इंजिनाचा आवाज चढत नाही, गाडी दमते. या तिन्हींवर बाहेर मिळालेला सल्ला मात्र एकच: क्लचला कडक स्प्रिंगा टाका.

हा सल्ला कुठून येतो ते लिहून ठेवणं गरजेचं आहे. चेतकसारख्या गिअरच्या स्कूटरमध्ये क्लचच्या स्प्रिंगा प्लेटा एकमेकींवर दाबून धरतात. तिथं क्लच घसरत असेल तर कडक स्प्रिंग हा बरोबर इलाज. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आल्यापासून ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडं आहेत, पण जुना नियम हातातून गेलेला नाही. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या तीन छोट्या स्प्रिंगा नेमकं उलटं काम करतात: शू (घासून पकड घेणारं लायनिंग लावलेले तुकडे) आत ओढून धरतात, आउटरपासून (शूभोवतीची, मागचं चाक फिरवणारी वाटी) लांब ठेवतात. शू बाहेर फेकले जातात ते फिरण्याच्या जोरानं. म्हणून इथं स्प्रिंग जितकी कडक, तितकी त्याच आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) पकड कमी. घसरणाऱ्या क्लचला कडक स्प्रिंग टाकली तर तो जास्त घसरणार.

मोठी सेंटर स्प्रिंग वेगळी. ती मागच्या पुलीच्या दोन थाळ्या जवळ दाबते, बेल्ट पुलीच्या वरच्या कडेला, म्हणजे हलक्या गिअरला ठेवते. गाडी हळू झाली की बेल्टला परत वर आणणं हेही तिचंच काम. चढावरची तक्रार बहुतेक वेळा हिच्याकडं किंवा रोलरकडं (पुढच्या पुलीतली गोल वजनं) जाते, क्लचकडं नाही.

प्लगच्या वायरीवर टॅकोमीटर लावला. इंजिन गरम असताना आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) २,१०० आरपीएम. या गाडीला १,७०० हवेत, शंभर खाली-वर चालतात. स्क्रूनं १,७०० वर आणलं. सरकणं कमी झालं, पण थांबलं नाही. सरकणारी गाडी आली की आधी आयडलिंग बघायचं. निम्म्या गाड्यांचं काम तिथंच संपतं.

१० नोव्हेंबर : खोलणं

मेन स्टँडवर लावून कव्हर काढलं. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी टोचला. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर केसिंगचे आटे जातात. दोन डॉवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या) कव्हरला की केसिंगला राहिल्या ते बघून घेतलं. यातली एक पडून बेल्टच्या घरात राहिली की पुली फुटते.

आत काळी भुकटी होती, त्यात पावसाळ्यातली लाल माती. हवेचा फवारा मारला नाही. लायनिंगची भुकटी फुप्फुसाला वाईट, जुन्या किंवा बिननावाच्या शूमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं. तोंडाला मास्क बांधून ओल्या फडक्यानं पुसली, मग ब्रेक क्लीनर मारला.

पुढचा व्हेरिएटरचा (रोलर असलेल्या पुढच्या पुलीचा) नट सोडवताना पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवायचा नाही. पाती ॲल्युमिनियमची असतात, लगेच तुटतात, आणि एक पातं गेलं तरी पंख्याचा तोल जाऊन क्रँक थरथरतो. होल्डर वापरला. मागच्या आउटरचा नट इम्पॅक्ट गननं सोडवायला हरकत नाही, पण बसवताना पुढच्या किंवा मागच्या कुठल्याच नटाला गन लावायची नाही.

बेल्ट काढण्याआधी त्यावरचा बाण कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो घेतला. बाण पुसला गेला असेल तर खडूनं खूण करावी, कारण वापरलेला बेल्ट उलटा बसवला की लवकर जातो.

११ नोव्हेंबर : क्लच दाबायची चौकट

मागचा क्लच आणि पुली हा एकच गड्डा आहे. मध्ये ३९ मिमीचा पातळ नट, आणि त्या नटामागं सेंटर स्प्रिंग दाबून बसलेली. पायानं दाबून नट सोडवायची पद्धत सर्रास दिसते. नट शेवटच्या आट्यावर असताना हात सुटला तर क्लचची थाळी तोंडावर येते. अशा कामाला साधी चौकट पुरते आणि उद्यमबागेत ती कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात होते.

खाली आणि वर ८ मिमी जाडीची लोखंडी पट्टी, दोन्हीकडं एम-१२ चा २५० मिमीचा स्टड, स्टडमध्ये १७० मिमी अंतर. वरच्या पट्टीला मध्ये ६० मिमीचं भोक, म्हणजे ३९ चा सॉकेट आरपार जातो. पट्टी शूवर नाही, शू ज्यावर बसतात त्या थाळीवर टेकली पाहिजे. खाली पुलीच्या तोंडाला चरे पडू नयेत म्हणून लाकडी कडं ठेवलं. एम-१२ च्या आट्याचा पिच १.७५ मिमी, म्हणून दोन्ही नट एकेक फेरा मिळून सोडले की स्प्रिंग किती मोकळी झाली ते फेरे मोजून कळतं. एकाच बाजूचा नट भराभर सोडला तर थाळी तिरकी होऊन हबवर (पुलीच्या मधल्या नळीवर) अडकते आणि मग एकदम सुटते.

१२ नोव्हेंबर : मोजमाप

आजचा पूर्ण दिवस यालाच दिला. सगळं निदान इथंच झालं.

क्लच स्प्रिंगा. ताणाची स्प्रिंग निरोगी असताना तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. उजेडासमोर धरून बघितलं: दोन ठीक, तिसरीच्या वेढ्यांतून उजेड दिसतो. लांबी दीड मिलिमीटरनं जास्त. मग तिन्ही एकेक करून सामान मोजायच्या ताणकाट्याला लावल्या आणि वेढे उघडायला किती जोर लागतो ते बघितलं. तिसरी इतर दोघींपेक्षा स्पष्ट आधी उघडली.

शू. लायनिंग २.६, २.५ आणि १.८ मिमी. पातळ शू नेमका त्याच मऊ स्प्रिंगजवळचा. साखळी अशी लागते: एक स्प्रिंग सैल झाली, तिच्याजवळचा शू आधी बाहेर आला, कमी आरपीएमलाच आउटरला घासायला लागला, एकटाच झिजला आणि तापला. उभ्या गाडीचं सरकणं आणि निघतानाची थरथर, दोन्हींचं मूळ हेच. २ मिमीच्या खाली गेलेला एक असला तरी तिन्ही शू एकत्र बदलायचे, कारण वजन आणि लायनिंगची जात एकसारखी हवी.

आउटर. आतला व्यास व्हर्नियरनं चार ठिकाणी घेतला. मूळ १२५, मिळाला १२५.३, आणि ठिकाणाठिकाणी फरक नाही. १२५.५ पर्यंत चालतो. आत निळे डाग होते, म्हणजे तापला आहे. डागांच्या जागी बोट फिरवून खळगा लागला नाही, म्हणून ठेवला. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं आडवा-तिरपा घासून चकाकी मोडली. खळगा किंवा बारीक तडे दिसले असते तर लेथवर घेऊन उपयोग नव्हता. लेथनं व्यास वाढतो आणि मर्यादा लगेच ओलांडते.

सेंटर स्प्रिंग. नवी शेजारी उभी केली, जुनी ५ मिमीनं बुटकी. नुसत्या लांबीवर समाधान मानायचं नाही. ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर वजनकाटा, त्यावर स्प्रिंग, मधून दांडा (दांड्याशिवाय दाबली तर स्प्रिंग आडवी उडते), आणि चक खाली आणून ती पुलीत जितकी दबलेली असते त्याच उंचीपर्यंत दाबली. जुनीचा जोर नवीपेक्षा साधारण दहावा हिस्सा कमी भरला. एवढा फरक चढावर जाणवतो.

पुलीची सरकती थाळी. इथं खरी अडचण सापडली. आतलं ग्रीस वाळून काळं डांबर झालेलं, गाइड पिना आणि त्यांचे रोलर खोबणीत अडखळत होते. मऊ झालेली स्प्रिंग आणि अडखळणारी थाळी मिळून बेल्ट पूर्ण परत येत नव्हता. म्हणजे गाडी थांबून पुन्हा निघताना हलक्या गिअरऐवजी मधल्या गिअरवरून उठत होती. क्लच मागच्या पुलीवर असतो हे इथं लक्षात ठेवायचं. बेल्ट मधे अडकला की इंजिन त्याच आरपीएमला असताना मागची पुली जास्त वेगानं फिरते आणि क्लच आधी लागतो. म्हणून थाळी मोकळी करण्याआधी क्लच किती आरपीएमला लागतो हे मोजून काही कळत नाही, आणि तो आकडा धरून स्प्रिंगा निवडल्या तर त्या चुकीच्याच निघतात.

रोलर. सहाही एका बाजूनं चपटे. चपटा रोलर उतारावरून गडगडत नाही, घसरतो, आणि मग गिअर धक्क्याधक्क्यानं बदलतो. सोनाराच्या काट्यावर प्रत्येक वेगळा तोलला, सगळे मूळ वजनापेक्षा हलके आणि आपसांत असमान. व्हेरिएटरच्या आतले सरकणारे तीन प्लास्टिक तुकडे, म्हणजे स्लाइड, तेही सैल.

बेल्टला तडे नाहीत, पण मागच्या पुलीत नवा बेल्ट कडेच्या बरोबरीनं बसतो, हा जवळजवळ २ मिमी खाली बसला होता. रुंदी झिजलेली. बदलायचा.

१४ नोव्हेंबर : सुटे भाग

यादी: क्लच स्प्रिंगा ३, शू संच, शूचे डँपर रबर ३, सेंटर स्प्रिंग १, रोलर ६, स्लाइड ३, बेल्ट १, मागच्या पुलीचे ओ-रिंग आणि ऑइल सील, कव्हरचं गॅस्केट, गिअर ऑइल. सगळं कंपनीच्या मूळ मापाचं. निपाणी-चिकोडीकडची मंडळी हेच सामान कोल्हापुरातून आणतात. कुठूनही आणा, पण गाडीचं मॉडेल आणि साल सांगून पार्ट नंबरवर घ्या. दिसायला एकसारखी सेंटर स्प्रिंग दोन मॉडेलमध्ये तारेच्या जाडीनं वेगळी असते.

काउंटरवर रंगीत स्प्रिंगाही मिळाल्या, १,००० आणि १,५०० असे आकडे लिहिलेल्या. तुलनेसाठी १,००० चा क्लच संच आणि एक कडक सेंटर स्प्रिंग घेतली. या आकड्यांचा अर्थ क्लच तेवढ्या आरपीएमला लागेल असा नाही. तसं असतं तर १,७०० आयडलिंगच्या गाडीत क्लच कधी सुटलाच नसता. आणि एका कंपनीचा पिवळा दुसऱ्या कंपनीच्या पिवळ्याएवढा कडक असेलच असं नाही. रंगावर विश्वास ठेवू नये, काट्यावर ठेवावा.

१६ नोव्हेंबर : जोडणी

मागची पुली रॉकेलनं धुऊन पूर्ण कोरडी केली. पिनांच्या खोबणीत बोट फिरवून पायरी पडली आहे का बघितलं, नव्हती. पायरी असती तर थाळीच बदलावी लागली असती, नवी स्प्रिंग टाकून भागलं नसतं. नवे ओ-रिंग आणि सील बसवले. उष्णता सोसणारं ग्रीस ५ ते ८ ग्रॅम, फक्त आतल्या बेअरिंगला आणि खोबण्यांना. जास्त भरण्याचा मोह आवरायचा: गरम झालं की ते सीलमधून बाहेर येऊन थेट बेल्टवर आणि शूवर उडतं. मग नवे शूही थरथरतात आणि दोष स्प्रिंगांवर येतो. शेवटी पुलीची तोंडं ब्रेक क्लीनरनं पुसली आणि त्यानंतर बोटं लावली नाहीत.

शूच्या पिना गंजल्या होत्या, पेपरनं साफ करून ग्रीसचा नुसता हात फिरवला. शू बोटानं ढकलला की अडखळता जाऊन परत आला पाहिजे. डँपर रबर नवे. स्प्रिंगांचे हुक काढतानाच्या फोटोत होते त्याच बाजूला तोंड करून बसवले. आधी एक टोक अडकवायचं, मग दुसरं पातळ स्क्रू ड्रायव्हरवरून सरकवत भोकात सोडायचं. पकडीनं वेढ्यावर धरायचं नाही. तारेला चरा पडला की स्प्रिंग पुढं तिथंच तुटते.

चौकटीत पुन्हा दाबून ३९ चा नट लावला. थाळीच्या चपट्या बाजू हबच्या चपट्या बाजूंवर बसल्या का ते नट घट्ट करण्याआधी बघितलं.

आता बेल्ट. सगळ्या कामातली मोठी चूक इथं होते. मागच्या पुलीच्या थाळ्या हातानं फाकवून बेल्ट आत खोल दाबला, म्हणजे पुढच्या बाजूला बेल्ट ढिला मिळाला. मग रोलर आणि स्लाइड घातलेला व्हेरिएटर, बॉस (क्रँकवर बसणारी मधली नळी), बेल्ट, पुढची थाळी, वॉशर, नट. बेल्ट ढिला नसेल तर तो बॉसवर चिमटीत राहतो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण थाळी बॉसला टेकलेलीच नसते. थोडं चालल्यावर बेल्ट जागा सोडतो, नट मोकळा होतो, थाळीचे आणि क्रँकच्या टोकाचे आटे-खाचे खाऊन टाकतो. तो खर्च थेट क्रँकचा. थाळी बॉसला टेकली की बेल्ट हातानं हलतो, तेवढं बघूनच टॉर्क रेंच लावला, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर. दोन्ही नटांवर रंगाची रेघ ओढली. या गाडीत रोलर कोरडे चालतात, तिथं ग्रीस नाही. काही जुन्या मॉडेलमध्ये व्हेरिएटर सीलबंद असून आत ग्रीस असतं, म्हणून काढताना काय होतं ते बघून ठरवायचं.

गिअर ऑइल १२० मिली, १०डब्ल्यू-३०. किकची स्प्रिंग आणि पिनियनची छोटी स्प्रिंग बघितल्या. दोन्ही चांगल्या, पिनियनला ग्रीस.

१७ नोव्हेंबर : मूळ मापावर चाचणी

आयडलिंग १,७०० ला गाडी जागची हलत नाही. सपाटीवर हळूहळू रेस वाढवली, क्लच २,८०० च्या आसपास लागतो, थरथर नाही. ब्रेक दाबून धरून रेस देत क्लच कुठं लागतो ते बघायची पद्धत शक्यतो टाळावी. काही सेकंदांत आउटर निळा पडतो. नवे शू आउटरला पूर्ण टेकायला वेळ लागतो, म्हणून पहिले १०० किमी ओझं नको, चढावर अर्ध्या क्लचवर खोळंबणं नको.

२४ नोव्हेंबर : राजहंसगड, आणि कडक स्प्रिंगांची तुलना

तेच दोघं, तोच चढ. मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगेवर इंजिन ताकदीच्या आरपीएमला टिकून राहतं, वळणावर हळू होऊन पुन्हा पिळलं की लगेच उचलतं. चढाची तक्रार मिटली, आणि तीही मूळ वजनाच्या रोलरवर.

नंतर फक्त क्लच स्प्रिंगा बदलल्या, १,००० वाल्या टाकल्या. एका वेळी एकच बदल; रोलर आणि स्प्रिंग एकदम बदलले तर काय कशामुळं झालं ते कुणालाच सांगता येत नाही. क्लच आता ३,२०० ला लागतो. निघताना इंजिनाचा आवाज मोठा, त्यामुळं गाडी चपळ झाल्यासारखी वाटते. हिशेब मात्र वेगळं सांगतो. फेकण्याचा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ४,००० आरपीएमला २,८०० वाला क्लच त्यातला ५१ टक्के जोर पकडीला वापरतो, ३,२०० वाला ३६ टक्के. उरलेला स्प्रिंगा ओढण्यात जातो. दोघं बसून चढावर उभ्या गाडीनं निघाल्यावर लायनिंगचा वास आलाच. भाजीची पोती नेणाऱ्या गाडीला ही स्प्रिंग नको. काढली.

मग मूळ क्लच स्प्रिंगांसोबत कडक सेंटर स्प्रिंग. चढावर आणखी थोडी उचल, पण सपाट रस्त्यावर ताशी ५० ला आरपीएम ५,००० वरून ५,६०० वर गेले. बेल्ट पुढच्या पुलीत पूर्ण वर चढत नाही म्हणून टॉप स्पीड कमी, कव्हर हाताला जास्त गरम, पेट्रोल जास्त. चोर्ला घाटातून रोज ओझं नेणाऱ्या गाडीला कदाचित परवडेल, येळ्ळूर-बेळगावला नाही. तीही काढली, मूळची बसवली.

८ डिसेंबर : पुन्हा उघडून तपासणी

मध्ये ५०० किमी ओझ्यासह झाले. रंगाच्या रेघा जागच्या जागी, नट हलले नाहीत. तिन्ही शूवर घासल्याची खूण बहुतेक रुंदीभर आणि सारखी. आधीच्या सारखा एकच शू चकचकीत असता तर स्प्रिंगा पुन्हा काट्याला लावाव्या लागल्या असत्या. सीलमधून ग्रीस बाहेर नाही, बेल्टच्या कडा कोरड्या. रोलरवर चपटेपणा नाही.

पावसाळ्यात आत गेलेल्या लाल मातीचा बंदोबस्त राहिला होता. बेल्टच्या घरात हवा जाते तिथला फोम भुगा झाला होता, नवा बसवला. कव्हरखालची पाणी जायची नळी चिखलानं बुजलेली, तारेनं मोकळी केली. खानापूर-जांबोटी भागात चालणाऱ्या गाड्यांना या दोन गोष्टी मे अखेरीस बघायच्या, आणि गुडघाभर पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी कव्हर उघडून बेल्ट, पुली कोरडी करायची. पुढची मोजणी ४६,००० किमीला: लायनिंग, तिन्ही क्लच स्प्रिंगा उजेडासमोर, सेंटर स्प्रिंगेची उंची.